कैसरचा कायदा आणि माझ्या एकोणीस मेखा

मी देवगडकडच्या खाडीवरचा, सुतार, आणि सुतार म्हणजे दारं-खिडक्या करणारा नव्हे हां, होड्या बांधणारा. बापूस बांधायचा, आजो बांधायचा, कागदावर एक रेघ न मारता, नुसत्या डोळ्यानं. आमच्या घरची एक रीत आहे, ती आधी ऐका, नायतर पुढचं कायच कळायचं नाय. होडी पुरी झाली तरी तळाला एक भोक ठेवायचं. मालकानं येऊन विचारायचं, मेस्त्री, झाली काय? मग आपण झाली म्हणायचं, नारळ फोडायचा आणि त्या भोकात लाकडाची मेख ठोकायची. बापूस म्हणायचा, मालकान इचारल्याशिवाय मेख मारू नको रे, न इचारलेली होडी त्याची नाय नि आपलीव नाय.

बापूस गेला तेव्हा मांगरात, म्हणजे घराशेजारच्या छपरात, एक होडी अर्धी राहिली. ती मी पुरी करणार, असं बायकोला सांगून इकडे आलो, त्याला अकरा वर्षं झाली. आता उजव्या डोळ्यासमोर धुकं येतं. डोळा गेला की ती होडी गेली, काय सांगू तुम्हाला, मला दुसरं कसलं भ्याव नाय.

इथे कुवेतला आलो फर्निचरच्या कामावर. वर्कशॉप जहऱ्याला, राहायला अब्बासिया, खोलीत सहा जण, सकाळी कंपनीची बस. मालक कुवेती, जर्मनीत शिकलेला, हिंदी मोडकी बोलतो. एकदा तुकड्या-ताकड्यांची हातभर होडी केली ती त्यानं बघितली आणि म्हणाला, मिस्त्री, मेरे लिए जहाज बनाओ, खैरान के शाले में रखेगा. शाले म्हणजे त्यांचा समुद्राकडचा बंगला. इथवर बरं चाललं होतं. मग आला तो दीक्षित.

दीक्षित साहेब पुण्याचा, तेलाच्या कंपनीत मोठा इंजिनीयर, मालकाचा दोस्त. मला आयुष्यात कधी मेस्त्री म्हणाला नाय, अरे म्हणायचा, नायतर नुसतं शुक करायचा. त्याला जुन्या जर्मनीच्या आरमाराचं याड. त्यानं मालकाच्या डोक्यात भरवलं, नुसती जहाजं काय ठेवता, अख्खं आरमार ठेवा, कायद्याप्रमाणे. मी विचारलं, कसला कायदा? तर म्हणतो, तुला कळायचा नाही, पण ऐक. कैसरच्या, म्हणजे जर्मनीच्या बादशहाच्या, राज्यात दरवर्षी लोकसभेत वाद व्हायचा, जहाजं किती बांधायची. मग त्यांच्या आरमाराच्या मंत्र्यानं युक्ती केली, आकडाच कायद्यात लिहून टाकला. मोठी लढाऊ जहाजं एकोणीस. शिवाय जहाजाचं वय लिहिलं, पंचवीस वर्षं झाली की जुनं काढून नवं बांधायचं, कोणाला विचारायचं नाही. पुढच्या लोकसभेचे पण हात बांधून टाकले, म्हणाला, काय डोकं! मी मनात म्हटलं, मेल्या, हात बांधल्याचं कौतुक ज्याचे बांधले त्याला विचार.

मालक म्हणाला, उन्नीस बनाओ, फिर घर जाओ, मेरा जबान. चार वर्षं लागली. तांदळाएवढ्या तोफा, सुईएवढ्या डोलकाठ्या, सगळं या डोळ्यांवर. आणि एकोणिसांच्या एकोणीस जहाजांच्या तळाला मी भोक ठेवलं, हात आपसूक जातो हो तिथे. मेखा कापून पिशवीत ठेवल्या. कोण विचारतो तर बघू.

एकोणिसावं झालं, मी बॅग काढली. तर दीक्षित म्हणतो कसा, अरे, तिकडे जर्मनीत दोनच वर्षांत दुसरा कायदा झाला, आकडा दुप्पट, अडतीस. मालकाला पटवून पण आला होता, आणि माझा पासपोर्ट मालकाकडे. मी हात जोडले, म्हटलं साहेब, डोळा चाललाय, बापसाची होडी राहिलीय, तुम्ही आपल्याकडचे. तर म्हणतो, कायदा म्हणजे कायदा, एकोणिसावर थांबलं तर ते आरमार नव्हे, खेळणी. खेळणी! माझ्या चार वर्षांना!

मग विचारलं, शेवटी झालं काय त्या जहाजांचं? तोंड वाकडं करून म्हणाला, लढाई हरले, जहाजं शत्रूच्या ताब्यात गेली, तेव्हा त्यांच्याच खलाशांनी तळाच्या झडपा उघडून बुडवली. 

पंधरा दिवसांनी खैरानला पार्टी. मला खोकी उचलायला नेलं. जहाजं पाण्यात सोडायची हे दीक्षितच्या डोक्यातलं, मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. बंगल्यासमोर कमरेएवढं पाणी, पाहुणे खुर्च्यांवर, आणि हा हात वर करून कायदा समजावतोय. मी दहा पावलांवर, मेखांची पिशवी खिशात. नुसतं झाली का म्हटलं असतं तरी मी धावलो असतो. नाय म्हटलं. आणि मी पण तोंड उघडलं नाय, खोटं कशाला बोलू, राग होता.

जहाजं सोडली. जरा वेळ झोकात उभी राहिली, मग पहिलं कललं, मग बाजूचं, मग एकेक करून सगळी तळाला. पाहुणे आधी हसले, मग खुर्च्यांवरून उठले. मला वाटलं होतं बरं वाटेल. रडू आलं, माझीच होती ना ती.

दीक्षित माझ्यावर धावून आला, हरामखोर म्हणाला. मालकानं त्याला अडवलं, मला विचारलं, क्यूं? मी पिशवी दाखवली, घरची रीत सांगितली. मालकानं एक मेख काढून बोटांत फिरवली. त्याचा आजा शिडाच्या जहाजावरून आपल्या किनाऱ्याला यायचा. म्हणाला, मेरे दादा भी बनानेवाले को पहले पूछते थे. मग दीक्षितकडे वळून विचारलं, तुमने पूछा था? दीक्षितचं तोंड बघायला हवं होतं. मालक मला म्हणाला, उस्ताद, गलती मेरा भी, तुम घर जाओ.

गुरुवारचं तिकीट आहे. काल दीक्षित आला होता अब्बासियाला, तीन जिने चढून. जहाजं वर काढलीत, वाळवलीत. दारात उभा राहून, खाली बघत म्हणाला, मेस्त्री, झाली का? चार वर्षांनी! मी पिशवी त्याच्या हातात दिली. म्हटलं, एकोणीस आहेत, मोजून घ्या आणि तुमच्या हातानं ठोका. देव तुमचं भलं करो साहेब, मी काय तुमचं भलं करायचा नाय. माझी मेख मांगरातल्या होडीसाठी राखून ठेवलीय, आणि तिचा मालक मीच, मला मीच विचारणार.