पानाबाहेरचा घास

ॲन आर्बरच्या इस्पितळात पत्नीच्या तपासणीसाठी थांबलेल्या मनोहरपंतांना शेजारच्या बाकावरच्या नवरा-बायकोची मराठी ऐकू आली, तेव्हा त्यांनी सभ्यपणे मान वळवली. कान मात्र तिथेच राहिले.

"इतिहासातला सर्वांत प्रभावशाली माणूस कोण, हा इशिताचा निबंध अर्धाच राहिला."

"मी न्यूटन सुचवला होता."

"आणि मी बुद्ध. 'सो बोअरिंग, आई!' म्हणाली, नि ऑपरेशनला आत गेली."

"शोभा, लिव्हर ट्रान्सप्लांटला वेळ लागतोच. दोन घास खा बघू."

शोभाने डबा उघडला. पोळीचा तुकडा झाकणावर वेगळा निघाला.

"हा कुणाला?"

"ज्याचं लिव्हर तिला लावताहेत, त्याला. तो गेला, अन् नावसुद्धा सांगत नाहीत रे."

शोभाने झाकण जपून बाजूला सरकवलं.

"त्याच्या घरी आज कोण जेवलं असेल?"

"…गूळ आणलायस ना? तोही ठेव."