पालकाची सही

धरणगावच्या स्टँडवर जळगावच्या गाडीसाठी रांग लागली होती. सुपडू नानांच्या पुढे बेबाबाई, तिची कुंदा आणि कुंदाचा काका जीवराम. कुंदाला बाप नव्हता. कॉलेजचा अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस, आणि पालकाच्या सहीची जागा कोरीच होती.

"विषय काय घेतला?"

"समाजशास्त्र, काका."

"कोणत्या समाजाचं?"

"सगळ्याच."

"आपल्या समाजाचं मला विचार. बारा वर्षं पंच आहे मी. त्याला कॉलेज कशाला?"

"मग सांगा, पंचांत एकही बाई का नाही?"

"वहिनी, पोरीचं तोंड पाहा! बठ्ठा, सगळा समाज काय म्हणी?"

"तेच शिकाले जाई ती, भाऊजी."

"हसू नका नाना! मी सही करणार नाही. पाहू कोण अर्ज घेतो!"

"कुंदे, पालक म्हणजे कोण गं?"

"ज्यानं पाळलं तो, आई."

"मग पेन माझ्याकडे दे."

"वहिनी, तुम्हाला सही येते?"

"साक्षरतेच्या वर्गात शिकले. एक 'बे' काढायला महिना लागला. नाना, जरा पाठ द्या."

नाना गुडघ्यांवर हात टेकून वाकले. पाठीवरच्या अर्जावर 'बे' उमटला, मग सावकाश 'बा', पुन्हा एक 'बा'. तेवढ्यात गाडी आली, रांग हलली.

"मावशी, चढता का जाऊ?" कंडक्टर ओरडला.

नाना वाकलेलेच राहिले.

"थांब रे भाऊ," बेबाबाई म्हणाली, "अजून 'ई' बाकी शे."