त्यातली एक ओळ माझी

न्हाई, मला एक सांगा राव, स्वतःच्या पोरीचं बोलणं बापानं लिहून काढलं तर ती चोरी व्हती का? पोरगी माझी, बोलली माझ्या घरात, माझ्या ताटातली भाकर चावता चावता... मग ते शब्द कुणाचे? तुमी हसताय. हसा. आमच्या घरात बी आधी असंच हसले व्हते, नंतर कुणी हसलं न्हाई.

तुमाला सांगतो, मी हौशीराम, बोरी बुद्रुकचा, हायस्कूलमधे क्लार्क. क्लार्क म्हंजे कसला, नऊ वर्षं टेंपरवारी क्लार्क, दर जूनला ऑर्डर आन दर एप्रिलला नारळ! आन वरनं कवी. आता नावातच हौस हाय, त्याला मी काय करणार? पुण्याच्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीला मी सेहेचाळीस कविता पाठवल्या, सेहेचाळीसच्या सेहेचाळीस 'साभार परत'. आन टपाल यायचं शाळेच्या पत्त्यावर, म्हंजे आधी आमच्या शिपायाच्या हातात, बहिरूच्या, आन बहिरू पाकीट बघून व्हरांड्याच्या त्या टोकापासनं वरडणार, "भाऊसाहेब, आली बरं का तुमची लेक माघारी नांदायची सोडून!" स्टाफरूममधे मास्तर लोक मान खाली घालून पेपर तपासायचे, पण खांदे हलायचे त्यांचे. मी आपला गप्प. गप्प बसायला काय पैसं पडत्यात?

तर दोन हजार दोन साल. झेडपीची निवडणूक. आमच्या संस्थेचे अध्यक्ष सावळेरामअण्णा उभे राहिले. अण्णा म्हंजे काय समजलात, शाळा त्यांची, शाळेतली बाकं त्यांची, घंटा त्यांची, आन माझी परमनंटची फाईल त्यांच्याच टेबलावर, नऊ वर्षं, एका पितळी सशाखाली दाबलेली. आन अण्णा पडले. दोनशे बारा मतांनी पडले. दोन महिनं माणसानं घराबाहेर पाय टाकला न्हाई. आन गाव कसं असतं तुमाला म्हाईत हाय, मोठ्यानं कुणी बोलायचं न्हाई, पण पारावर, गिरणीत, एसटीत, जो तो शेजारच्याच्या कानाला लागून, "अण्णा पडले... चांगला माणूस व्हता हो... पडले..." वरनं हळहळ आन आतनं गुदगुल्या.

ते सगळं आमच्या हर्षालीच्या कानावर. सात वर्षांची, दुसरीत. संध्याकाळी जेवताना आईला म्हणली, "आई, अण्णा पडले? मग लई लागलं का त्यांना?"

आईला हसता हसता ठसका लागला. म्हणली, "अगं बाई, ते तसलं पडणं न्हाई. नुसतं म्हणायचं असतं पडले म्हणून."

"म्हंजे लागत न्हाई?"

"न्हाई. जेव."

पोरगी जेवंना. भाकरीचा तुकडा तोंडात तसाच, नजर कुठंतरी भिताडावर, आन आपल्याच नादात म्हणती कशी, "ऊन पडलं, थंडी पडली, रात पडली, आजीला सपान पडलं, पप्पांना काल प्रश्न पडला... सगळी पडत्यात, आन लागलं का, कुणी विचारतच न्हाई." आन पाणी पिऊन गेली अंगणात ठिकऱ्या खेळायला.

राव, माझ्या अंगावर काटा आला. सेहेचाळीस कविता घासल्या मी, यमक जुळवता जुळवता डोक्याची निम्मी केसं गेली, आन ही पोरगी तोंडात भाकर ठेवून! उष्ट्या हातानं उठलो, खिशात रजेचा अर्ज व्हता, त्याच्या पाठीवर सगळं उतरवलं. पण कवी ना मी? जसंच्या तसं पाठवलं तर त्यात माझं काय? म्हणून मी एक ओळ घातली. एकच. शेवटच्या ओळीच्या आधी. 'उभा राहील तोच पडेल.' काय वजन हाय बघा. आन वर नाव ठेवलं, 'पतन'. अण्णांचं नाव अर्थातच काढलं, मी काय येडा हाय का?

हर्षालीची आई म्हणली, "खाली पोरीचं नाव घाला की."

मी म्हणलं, अगं, दुसरीतल्या पोरीचं नाव घातलं तर ते बालविभागात टाकत्यात, रंग भरा आन ठिपके जोडा याच्या शेजारी. कवितेचं नुकसान व्हतं. कवितेसाठी म्हणून मी माझं नाव घातलं. ती नुसती बघत राहिली, आन ते बघणं मला अजून दिसतं.

छापून आली राव! चौकटीत! खाली माझं नाव, पत्ता. आन मग टपाल सुरू झालं. बहिरू वरडायचा बंद झाला, पाकिटं आणून टेबलावर अशी हळूच ठेवायला लागला, अंगारा ठेवल्यागत. पेठवरनं एका रिटायर गुरुजींचं चार पानी पत्र, 'आपण मानवी अस्तित्वाच्या मुळाशी हात घातला आहे.' मी म्हणलं, घातला असंल. नारायणगावच्या कॉलेजातला एक पोरगा, 'सर, कविता आवडली, पण विकेट पडली हे राहिलं.' आन एक कार्ड आलं पारगावच्या बाजूनं, पेन्सिलीनं लिहिलेलं. बाईचं. लिहिलं व्हतं, 'माझे मालक उसाच्या ट्रॉलीवरून पडले. जो आला त्याने विचारले, आता काम कोण करणार. तुमची कविता कापून मी आरशाला चिकटवली आहे.' ते कार्ड मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवंना. त्या बाईला लिहायला पायजे व्हतं, की बाई, हे माझं न्हाई, माझ्या पोरीचं हाय. पेन घेतलं, पोस्टकार्ड घेतलं, पत्ता लिहिला. आन ठेवून दिलं.

एक दिवस तर सोमाजीबाबा आले, वाडीवरचे, मेंढरं हायेत त्यांची. शिकलेले न्हाईत, नातवानं वाचून दाखवली म्हणले. उभ्या उभ्याच बोलले, "पावणं, मेंढरू पडलं तर आमी आधी त्याचा पाय चाचपतो आन मग शिव्या देतो. माणसाचं उलटं हाय. शिव्या आधी, पाय कुणी चाचपतच न्हाई. बरं लिवलंय तुमी." आन दुधाची किटली ठेवून गेले. आता त्या किटलीला मी काय सांगू? मी आपला गप्प. गप्प बसायला काय पैसं पडत्यात? फकस्त एक गोष्ट खटकत व्हती. एकवीस पत्रं आली, एकवीस. माझ्या ओळीवर एकाचंही अक्षर न्हाई.

बाविसाव्या वाचकानं मात्र नेमकी तीच ओळ हेरली. बुधवारी बहिरू आला, वरडत न्हाई, कुजबुजत, "भाऊसाहेब, अण्णांनी बोलावलंय. रविवारी, बंगल्यावर. हातात तुमचा पेपर व्हता. एका ओळीखाली तांबड्या पेनानं रेघ व्हती."

मी म्हणलं, कुठल्या?

"मला काय कवितेतलं कळतं व्हय? पण ते 'उभा राहील' का काय ते..."

तुमाला सांगतो, खुर्ची व्हती म्हणून, न्हाईतर मीच पडलो असतो. उभा राहील तोच पडेल! अण्णा उभे राहिले, अण्णा पडले, आन त्यांच्याच शाळेतल्या टेंपरवारी क्लार्कनं ते पुण्याच्या पेपरात छापलं, चौकटीत, नाव-पत्त्यासकट. माझ्या कसं ध्यानात आलं न्हाई हे? आन त्या चार दिवसांत काय काय झालं म्हणून सांगू. हेडमास्तर मला बघून म्हणले, "मी कविता वाचत नाही हं, कधीच नाही, लक्षात असू द्या." शिंप्याच्या दुकानात एकानं हात दाबला, "धाडस केलंत राव," आन लगेच हात सोडून पलीकडं गेला. नऊ वर्षं ती फाईल, घरभाडं, पोरीची शाळा, आन बदल्यात काय, एक ओळ!

मग मात्र मी गप्प बसलो न्हाई. गुरुवारपासनं दिसंल त्याला सांगायला लागलो, अहो ती कविता माझी न्हाईच, हर्षालीची हाय, पोरीचं बोलणं हाय ते! कोण ऐकतंय? बहिरू म्हणला, "भाऊसाहेब, पत्रं आली तवा तुमची, आन अण्णा आले तवा पोरीची? सात वर्षांच्या लेकराआड लपता व्हय?" एक मास्तर म्हणला, "नम्रपणा किती तो." शेवटी घरी म्हणलं, रविवारी हर्षालीला संगट नेतो, तिच्याच तोंडानं सांगू दे अण्णांना. तिची आई म्हणली, "आता आठवलं व्हय तिचं नाव?" पण पोरीला नवा फ्रॉक घातला तिनं. दोन वेण्या घातल्या. रिबिनीची गाठ दोनदा सुटली तिच्या हातनं.

गेलो. माझी एम-एटी गाडी, पुढं पोरगी उभी. अण्णा हॉलमधे बसलेले, दाढी वाढलेली, पुढ्यात पेपर. "बस." बसलो. चहा आला न्हाई. अण्णांच्या घरी दुश्मनालाबी चहा येतो राव, वीज तोडायला आलेल्याला बी येतो. गजराकाकू, त्यांच्या मंडळी, दारापर्यंत आल्या, अण्णांनी नुसतं बघितलं, तशाच मागं फिरल्या.

"वाचली," अण्णा म्हणले.

मी म्हणलं, अण्णा, ती माझी न्हाई, देवाशपथ, ही पोरगी जेवता जेवता बोलली, मी फकस्त उतरवून...

"हिनं?" अण्णांनी पेपर उचलला. "काय गं, हे तू बोललीस? ऊन पडलं, थंडी पडली?"

"हां."

"आजीला स्वप्न पडलं?"

"हां."

माझ्या जिवात जीव आला. मग अण्णांचं बोट खाली सरकलं, तांबड्या रेघेवर. "आन हे? उभा राहील तोच पडेल?"

हर्षालीनं वाकून बघितलं. नीट, अक्षर अक्षर लावून वाचलं. मी तिच्याकडं बघतोय, डोळ्यांनी सांगतोय, हो म्हण माझे बाई, एवढ्या एका ओळीला हो म्हण... आन ती म्हणली, "न्हाई. हे पप्पांनी घातलं."

झालं. अख्ख्या कवितेत माझी एक ओळ, आन ती मला मिळाली. पुराव्यासकट, साक्षीदारासकट. आन साक्षीदार मीच गाडीवर बसवून आणलेला!

अण्णांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं, आन तोंड उघडणार, तेवढ्यात ही पोरगी म्हणती, "आन मी कविता न्हाई केली, मी विचारत व्हते. आईनं सांगितलंच न्हाई नीट. अण्णा, तुमी पडला ना? मग लागलं का?"

मी डोळे मिटले. तुमाला सांगतो, मोजून सांगतो, भिंतीवरचं घड्याळ मी त्या दिवशी ऐकलं, त्याच्या आधी त्या घरात घड्याळ हाय हे म्हाईत नव्हतं मला.

आन अण्णांचा आवाज आला, "लागलं."

"कुठं?"

"आमच्याच आळीत."

हर्षालीला कळंना. म्हणली, "आळीत म्हंजे पायाला?"

अण्णा हसले न्हाईत. तिला म्हणले, जसं मोठ्या माणसाला सांगावं तसं, "माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या घरात अकरा मतं. खळ्यात आमी एका ताटात जेवलोय. त्या अकरांतलं एक बी मला पडलं न्हाई. दोन महिनं झाले, तीनशे माणसं येऊन गेली. कुणी म्हणलं फेरमोजणी मागा, कुणी म्हणलं पुढच्या बारीला बघू. हे विचारलं न्हाई कुणी." आन धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं माणसानं. उन्हाळा व्हता, घाम असंल. घाम नव्हता राव.

हर्षाली म्हणली, "मग त्यांना जाऊन सांगा की, लागलं म्हणून."

अण्णांनी पेपराची घडी घातली. मग आत तोंड करून म्हणले, "चहा टाका. आन पोरीला लाडू द्या."

आन मला म्हणले, "उद्या शाळेतल्या माझ्या टेबलावरची फाईल घेऊन ये. पोरीकडं बघून सही करतोय. तुझ्याकडं बघितलं असतं तर एप्रिलची वाट बघितली नसती."

झालो राव परमनंट. बहिरूनं पेढे वाटायला लावले. लोक विचारायचे कशानं झालात, नऊ वर्षांच्या सेवेनं का कवितेनं? काय सांगू त्यांना? मी आपला गप्प. गप्प बसायला... जाऊ द्या.

पण त्या दिवशी घरी येताना काय झालं, ओढ्याच्या चढाला एम-एटी बंद पडली. मी किका मारतोय, घाम निथळतोय, आन हर्षाली हातात लाडू घेऊन बाजूला उभी, तिनं गाडीच्या सीटवर हात ठेवला आन एक वाक्य बोलली. राव, काय वाक्य व्हतं! अण्णांच्या बंगल्यावर आला नव्हता तसला काटा आला अंगावर. माझा हात आपसूक खिशातल्या पेनाकडं गेला. पण म्हणलं न्हाई, आता रीतसर विचारू. विचारलं, हर्षाली, हे लिहू का गं मी? आन ह्या बारीला खाली तुझंच नाव घालतो.

तिनं लाडू संपवला, हात फ्रॉकला पुसला आन म्हणली, "नको पप्पा. छापून तुमी आणता, आन निस्तरायला मला यावं लागतं."