पाहुण्याची पेनल्टी

माझं गाव सिहोऱ्याच्या अलीकडं, धानाच्या बांध्यांतलं. बाप राईस मिलमध्ये हमाल होता, मी बी तिथंच हमाल झालो, आन् गोलकिपर झालो तो बी हमालीच्याच पायी, कारण गावच्या फुटबॉल टीमले किपर पाहिजे होता तं पोट्टे म्हणाले, सुखदेव, तू दिवसभर पोते झेलतं, मंग बॉल कायचा जड आहे तुले. वीस वर्षं झाली, उभाच आहो. पोत्याचं बरं असते, ते कोन्या बाजूनं येईन ते माहीत असते.

तुमी इचारता पेनल्टी कोन पक्की मारते. कोनी म्हणते ताकद पाहिजे, कॉलेजचे सर म्हणतात मन पाहिजे, आन् मन म्हणजे काय ते सांगत नाईत. पण काय सांगू तुमाले, आमच्या गावात कधीच न चुकलेला मानूस एकच, मुख्य पाहुणा. धान कापून झाले का बांधीवरच टूर्नामेंट भरते, पहिले तासभर भाषनं, मंग गळ्यात हार असलेला पाहुणा चुन्याच्या ठिपक्यावर येऊन पेनल्टी मारते, आन् किपरनं उलटीकडं उडी मारायची, असा रिवाजच आहे. एका साली पाहुण्याचा बॉल अर्ध्यातच थांबला. मी तं आधीच डावीकडं आडवा झालो होतो, उठू का नोको कळेना, कमेटीचा अध्यक्ष म्हणे, पडून राह्य बे, आन् त्यानंच बॉल पायानं लोटत गोलात नेला. टाळ्या झाल्या. पाहुणा म्हणे, जुना सराव आहे.

तं असं वीस वर्षं.

आता माझी पोरगी पल्लवी, बारावीले आहे. यंदा भंडाऱ्याले जिल्ह्याची पोरींची टीम निवडायची होती, रविवारी, आन् पेनल्टी मारनारी वेगळी निवडायची होती, एकेकीनं दहा मारायच्या. पल्लवी धावण्यात मांगं पडते, ते तिले बी माहीत आहे, म्हणून टीममध्ये जायची तिची वाट तेवढीच. मिलमधून आलो का मी गोलात उभा, ती मारून राहिली, महिनाभर एक बी चुकली नाई. मी मिलमध्ये साऱ्याइले सांगत फिरलो, माझी पोरगी चुकतच नाई.

मंग एका संध्याकाळी माझी बायको रंजना बांधीच्या धुऱ्यावर बसून भाजी निवडून राहिली होती, ती म्हणे, अवो, तुमी दरवेळी उलटीकडंच काहून पडता. मी म्हणलं, तुले काय समजते खेळातलं. ती म्हणे, खेळातलं नाई समजत, पन बॉल इकडं आन् तुमी तिकडं, येवढं दिसते ना. पुढच्या चार पेनल्टीइले मी सोताकडं ध्यान देलं, आन् खरंच हो, आंग आपोआप उलटं जाऊन राहिलं होतं. समोर आपलं मानूस दिसलं का त्याचा मान ठेवायचा, हे आंगालेच लागलं होतं.

रविवारले चार दिवस होते. सांगावं तं पोरीची हिंमत जाते, न सांगावं तं भंडाऱ्याले चारचौघात जाते. रातभर इचार करत नाई बसलो, जेवता जेवताच सांगून टाकलं. तिनं घास ताटात ठेवला. मंग म्हणे, बाबा, महिनाभर तुमी मले मुख्य पाहुणी केलं.

दुसऱ्या दिवशी म्हणे, आता बॉल पाहून पडा. दहातल्या सहा मी अडवल्या. पाहून राहिलो तं कळलं, धावता धावता ती माझ्या गुडघ्याकडं पाहे, आन् मधातच तिचा इचार बदले. जो जो चुकते त्याचं मी हेच पाहिलं आहे, पायानं एक ठरवलं असते आन् डोळ्यानं दुसरं. मी तिले हे सांगतलं, तं ती म्हणे, मंग मी कोपरा सांगूनच मारते, बदलायले जागाच नाई राहनार. डावा म्हणे आन् डाव्यातच मारे, मी बी डाव्यालेच झेप घेओ. पहिल्या दिवशी दोनच गेल्या. शनिवारी सहा गेल्या, माझ्या बोटाले घासून, खांबाच्या आतून. मले सांगून, मी खरी उडी मारून, तरी सहा. तेव्हा मले वाटलं का हे पक्कं काम आहे.

रविवारी सुट्टी टाकून गेलो. तिची पहिलीच किपरनं धरली. निवडनारे सर कागदाकडं पाहून राहिले, मी चप्पल काढून उभा, कायले काढली माहीत नाई. दुसरी तिनं त्याच कोपऱ्यात, तशीच मारली. गेली. दहातल्या सात गेल्या. पवनीकडच्या एका पोरीच्या नऊ गेल्या, तिलेच घेतलं, आन् पल्लवीचं नाव राखीवमध्ये, सर्वात खाली.

वापस येताना बसमध्ये मी म्हणलं, बाई, माझ्यामुळं तुझा महिना गेला. ती खिडकीतून पाहत म्हणे, बाबा, साती खऱ्या होत्या ना.

खऱ्याच होत्या. आता ती राखीव म्हणून जाते, बाकावर बसते, आन् घरी आली का रोज मले गोलात उभं करते. कधी अडवतो, कधी नाई. तिची वेळ येईन का नाई, मले काय माहीत. आली तं समोरच्या किपरनं पुरी ताकद लावून झेपावं, येवढंच मागतो.