भुताच्या सिनेमाची डबी

नाही हो भाऊ, डिस्कची डबी आहे माझ्याकडे, ही काय — आत सिनेमा नाहीये, एवढंच. तोच हवाय मला. भुताचा. म्हणजे भिववणारं भूत नव्हे, हसवणारं — बायको मरते आणि परत येते, नुसती आरशात दिसते, आणि नवऱ्यासाठी दुसरी शोधायला लागते. एकीच्या चहात मीठ घालते, एकीच्या चपला लपवते. हां, तोच. तुमच्या दुकानातूनच विकत नेला होता आम्ही, आमच्या हिनेच निवडला होता. तुम्ही तेव्हा म्हणालात, वहिनी, यांना दाखवू नका, नसत्या कल्पना येतील डोक्यात — आठवत नसेल तुम्हाला, रोज किती जणांशी बोलत असाल. नाही, ती आता नाही. गेल्या उन्हाळ्यात. असू द्या, असू द्या, तुम्हाला कसं कळणार. बघा ना मागच्या कप्प्यात, एखादी जुनी प्रत निघेल. मी थांबतो.

घाई? घाई म्हणजे — एका बाईंना द्यायचाय. ओळखीच्या. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात असतात. काही नाही, माझ्या चष्म्याचा स्क्रू सैल होतो, तो घट्ट करून देतात. फार सैल होतो. — आता हसताय कशाला? बरं, मीच करतो सैल. घरून निघताना, सुरीच्या टोकानं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, काय म्हणावं याला? त्यांच्याही लक्षात आलंच असणार. परवा म्हणाल्या, तुमचा स्क्रू जरा जास्तच ढिला दिसतो. मी आपला हो म्हणालो. ताई म्हणते — थोरली बहीण माझी — अरे, सरळ बोल ना, तोंडाला काय कुलूप लावलंय? सरळ बोलणारा असतो तर आणखी काय हवं होतं. मी काय केलं, हा सिनेमा नेऊन दिला त्यांना. म्हटलं, आमच्या हिचा फार आवडता, तुम्ही बघाच. म्हणजे कसं — मेलेली बायको स्वतःच नवऱ्याचं जमवून देते, आणि ही गोष्ट आमच्या हिच्या आवडीची — त्यातून काय ते समजून घेतील. हुशार आहेत.

पण ते खोटं होतं हो. म्हणजे आवडता होता, पोट धरधरून हसायची. पण शेवट? शेवट कधी बघितलाच नाही तिनं. तो नवरा दुसरीला घेऊन आरशासमोर उभा राहतो ना, आणि भूत पुसट पुसट होत जातं — तिथं आलं की म्हणायची, बंद कर. दर वेळी. 'मी नाही हं इतकी शहाणी,' म्हणायची, 'मी परत आले तर त्या बाईच्या वेणीला डिंक लावीन.' आणि मी तिच्याच नावावर — तिनंच परवानगी लिहून दिल्यासारखा तो सिनेमा — जाऊ द्या. भिंतीवर तिचा फोटो आहे, त्याच्यासमोरून जाताना मान वर करवत नाही मला.

तेवढ्यावर भागलं असतं, तरी चाललं असतं. पण हिला सवय — हाताला जी डबी रिकामी लागेल तिच्यात डिस्क टाकून मोकळी. साखर मिठाच्या बरणीत ठेवणारी बाई. मी उघडून बघितलं नाही, तशीच नेऊन दिली. आत निघाली ही. सिनेमा नव्हे — हीच. आजारपणात भाचीनं कॅमेरा लावून दिला होता, आणि हिनं मला सगळं घर सांगून ठेवलं. भाचीच सांगत होती — रजया कुठल्या माळ्यावर, लोकरीचे कपडे गरम पाण्यात घालू नकोस, गॅसचं बटण आधी दाबायचं, मग फिरवायचं. भाचीनं त्याची डिस्क करून हिच्या हातात दिली, हिनं ठेवली, आणि मी आजवर लावली नाही. ती डिस्क गेली कुठे, तर चष्म्याच्या बाईंच्या घरी. लोक प्रेमपत्र देतात. मी काय दिलं? माझ्या बायकोनं सांगितलेली लोकर धुण्याची रीत.

परत दिली त्यांनी. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून हळूच म्हणाल्या, 'फार छान सांगतात हो त्या. पण मला नाही सांगत, तुम्हाला सांगतायत. शेवटपर्यंत बघा.' धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. — तुमचा हा टीव्ही चालतो ना? घरी नाही लावता येत. ती गेल्यापासून प्लेअरला हातच लावला नाही, धूळसुद्धा तशीच आहे. इथं लावा. शेवटचा भाग तेवढा. कोणी नाहीये आत्ता. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. पुढे घ्या, अजून — हां, आवाज आला. औषधांच्या पट्ट्या... कपाटाची किल्ली... 'झालं बाई एकदाचं, आता एवढ्यावर कर संसार' — ऐकलंत? हे असं बोलायची. संपलं बहुतेक. नाही, चालूच आहे. बंद करता यायचा नाही तिला तो कॅमेरा, भाची येईपर्यंत तसाच राहिला असेल. हे कसलं — हे गाणं त्या सिनेमातलं आहे. भुताचं. लावलाय तिनं. मी घरात नसताना, एकटीनं.

थांबा, मी वळतो. उशीला टेकलीय. तोंडावर टीव्हीचा उजेड. चपला लपवल्या असणार आता — बघा, हसली. थोडं पुढे घ्या. बास, बास. इथं आरसा येतो. आता म्हणेल बंद कर — म्हणत नाहीये. रिमोट हातातच आहे की. बघतेय. बघतेय अजून...

'बरं.' तुम्हीही ऐकलंत ना? बरं म्हणाली. नुसतं बरं.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? हो म्हणून, की सिनेमा संपला म्हणून? चष्म्याच्या बाईंनी काय घेतला असेल? आणि समजा, हो म्हणूनच असेल — मी थाप मारली तेव्हा मला हे कुठे ठाऊक होतं? मागून खरी निघाली म्हणून थाप थोडीच फिटते, भाऊ.

काय, सापडली प्रत? नको, ठेवून द्या. आमची प्लेअरमध्येच असणार, तिनं लावली तशी. ही काढा तेवढी — कडेनं धरा. नाही, दुसरं कव्हर नको. याच डबीत द्या, तिनं ठेवली होती त्यात. हो, पुसतोय फक्त, काच धूसर झालीय — हा बघा, निघाला स्क्रू. आज मी काही केलं नव्हतं हो. आज खरंच निघाला. आहे तुमच्याकडे बारीक स्क्रूड्रायव्हर? नाही, मलाच द्या, माझा मी घट्ट करतो. जायचं झालंच तिकडे, तर घट्ट चष्मा लावून जाईन.

तुम्ही तोवर जरा रस्त्याकडे बघा.