पत्रावरचा फोकस

शिकवायला गेलो मी, आणि धडा मलाच मिळाला. दूर दक्षिणेत, आमच्या तांबरमच्या घरात लेक खेळण्यातल्या ठोकळ्यांची माणसं जराजरा सरकवून, फोटो काढून फिल्म करत होती. वेबकॅममध्ये सगळं धूसर.

म्हटलं, "त्यांच्या जागी बारीक अक्षरांचा कागद धर. अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत लेन्सची रिंग फिरव."

तिने कपाटातून एक कागद काढला. "अप्पा, बघा, एकदम शार्प."

स्क्रीनवर माझ्या आईचं अक्षर. नातीला बारशाच्या दिवशी लिहिलेलं पत्र.

"वाच बरं."

"दिसतंय सगळं. पण मराठी वाचायला तुम्ही शिकवलंच कुठे?"

पहिलीच ओळ होती : 'हे तुझं तू वाचलंस, की मला उत्तर लिही.'

आई जाऊन चार वर्षं झाली.