रजिस्टरात पुसायचे शब्दच नव्हते

माहं माहेर केळझरचं. गणपतीच्या देवळाकडून जो रस्ता खाली येते नं, त्या रस्त्यावरच आमचं घर, बापाची शेती, कपाशी अन् तूर, अन् आम्ही चार बहिणी, त्यातली मी तिसरी, कुंदा. बारावीले इंग्रजीत मी पयली आलती. हे मी सगळ्याइले सांगते, तुम्हालेबी सांगते ताई, कारण माह्याजवळ मिरवासारखं तेवढंच हाय. तेवढंच, अन् दुसरं हे रजिस्टर, जे पाहाले तुम्ही आल्या.

लग्न झालं अन् मी इथं पिपरी मेघेले आली. आमचे हे, म्हणजे रूपाचे पप्पा, जीप चालवत होते. माणूस सोन्यासारखा, पण मुका. मुका म्हणजे तसा मुका नाई, बोलता येते, पण बोलत नाई. जेवण कसं झालं पुसलं तर मान हलवतीन. रूपा दोन वर्षाची होती, तेव्हा त्याइचा एक दोस्त कुवेतले गेलता, त्याच्या ओळखीनं हेबी गेले, एका घरी ड्रायव्हर म्हून. जाताना मले काय म्हणाले, सांगा बरं? म्हणाले, गॅस बंद करत जाजो. बस. काय सांगू ताई तुम्हाले, मी दाराशी उभी राह्यली अन् मले रडू यावं का हासू, तेच समजेना.

घरात तेव्हा मोबाइल एकच, तो सासूबाईजवळ राहे. ह्याइची सुट्टी शुक्रवारची, म्हून फोन शुक्रवारी. फोन आला का सासूबाई, दीर, जाऊ, शेजारची बाई, सगळे गोळा, अन् स्पीकर चालू. आता अशात नवरा-बायको काय बोलतीन? मी म्हणे कसे हाय, ते म्हणे बरा हाय. ते म्हणे रूपा जेवते का, मी म्हणे जेवते. पाणी पडलं का, पडलं. झालं. सासूबाई म्हणे, ठेवा मंग आता. आठ दिवस वाट पाहा अन् एवढंसंच हाती.

अन् मंग एका शुक्रवारी हे म्हणाले, कुंदा, तुले इंग्रजी येते नं, गेट म्हणजे काय वं? मी म्हणलं, गेट म्हणजे मिळवणे. नाई म्हणे, नाई जमत. म्हणलं काऊन? तर म्हणे, इथली मॅडम शाळेत शिकवते, ते इंग्रजी बोलते, अन् तिचा नवरा अन् सासू निरी अरबी. मॅडम म्हणते गेट इन, म्हणजे गाडीत बस, तेच तिच्या नवऱ्याले सांगायचं असलं का तो म्हणते इर्कब. ते म्हणते गेट डाउन, तो म्हणते इन्झिल. गेट अप, तर गूम. पाणी आण म्हणायचं, तरी तिचं गेटच, अन् त्याचं जीब. ह्याइनं तिथल्या बजारातून एक बारकं पुस्तक घेतलतं, एका बाजूनं इंग्रजी, दुसऱ्या बाजूनं अरबी, त्यात गेटच्या पुढं एकच शब्द लिवलेला, अन् हे तो शब्द म्हणले का त्या घरचे लेकरं खी खी करून हासत. मले भल्ला राग आला. आमच्या माणसाले हासता? मी म्हणलं थांबा, अन् घरात पडलेलं दोनशे पानाचं कोरं रजिस्टर घेतलं, पयल्या पानावर हळद-कुंकू लावलं, अन् दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिवलं, गेट.

तवापासून आमचं ठरलं. एका शब्दाले एक पान. ते तिकून सांगतीन, मी इकून लिहीन. अन् त्याइचा एक नेम होता, त्यात कधी फरक नाई पडला. ते म्हणे, कुंदा, पुस्तकातलं मी सांगणार नाई, दुसऱ्याइचं आयकलेलंही सांगणार नाई, या आठ दिवसात मले कोणी जे म्हणलं तेच सांगीन, म्हणजे चुकणार नाई. म्हणलं बरोबर हाय. तसंच लिवत गेली.

टेकचं पान पाहा, हे. चाबी हाती देली अन् टेक म्हणलं, तर खुद. मले दवाखान्यात घेऊन चाल, तर वद्दीनी. फोटो काढ, तर सव्विर, तिथं टेकचं नावच नाई. हे रनचं पान. माणसानं पळावं तर इर्कुद, अन् गाडी चालू करावी तर शग्गिल. आपल्या घरी इळीवर कसं, भाजीही चिरा अन् तिच्याच टोकावर नारळही खवा, तसं हे इंग्रजीचं, एकाच शब्दावर सगळं घर चालते. अरबाच्या घरी प्रत्येक कामाले आपलं आपलं हत्यार.

लोकं म्हणतीन काय हे याड. पण ताई, खरं सांगू? स्पीकर चालू राहे अन् आम्ही गेट-टेक बोलत राहू, अन् कोणालेच काई समजे नाई. सासूबाई पाच मिनिटं बसत, मंग म्हणत, काय बोलून राह्यले बाप्पा हे दोघं, अन् उठून जात. जाऊही जाय. मंग मी एकटीच. मंग मी मागचे पानं वाचून दाखवू, ते तिकून हूं हूं करत. मले त्या हूंहूंची इतकी वाट राहे, का गुरुवारपासूनच माहं कामात ध्यान नसे. बाकीच्याइले गोड बोलणारा नवरा भेटते, मले पानं भरून देणारा भेटला. माही तक्रार नाई.

एकदा मात्र तीन शुक्रवार फोन नाई आला. चौथ्या शुक्रवारी आला तर आवाज खोल गेलेला. ताप होता म्हणे, दवाखान्यात होतो. मी रडाले लागली तर म्हणाले, रडू नको, लिही. गेटच्या पानावर खाली जागा हाय का? म्हणलं हाय. तर म्हणे, मॅडमची सासू, बुढी, ते पाहाले आलती, सूप घेऊन, ते म्हणाली, मा तशूफ शर. मी मॅडमले पुसलं तर तिनं सांगतलं, गेट वेल. पण बुढीच्या शब्दाचा खरा अर्थ असा का तुह्या नजरेले वाईट न पडो. म्हणलं, मंग तुम्ही तिले काय म्हणले? काई नाई म्हणे, मले येतच नव्हतं, मी नुसती मान हलवली. हे पाहा, ते ओळ. इथं शाई पसरली, ते माह्या डोयाचं पाणी हाय.

बारा वर्षं राह्यले तिथं. मंग आले, इथंच शाळेची व्हॅन घेतली, रूपाचं शिक्षण झालं, लग्न झालं. अन् या रजिस्टराची खबर कशी पसरली कोण जाणे, नालवाडीचे, सेलूचे, कोठकोठचे पोट्टे येऊन राह्यले, कोणी ड्रायव्हर म्हून चालला, कोणी एसी दुरुस्त कराले. मी त्याइले समोरच्या खोलीत बसवते, पानं उतरवून घ्याले लावते. तिकून येताना एखांदा खजूर आणते, तेच माहं भरलं. माहा दीर मात्र लय खोडी काढे. म्हणे, वयनी नागपूरच्या पुढं गेली नाई अन् अरबी शिकवून राह्यली, उद्या विमानबी चालवीन. सगळे हासत, मीही हासत होती. पण आतून डाचत होतं बरं का. कारण त्याचं खोटं नव्हतं. मी जन्मात अरब माणूस पाह्यला नव्हता. जे कानानं आयकलं ते लिवलं, अन् त्यावर पोराइले परदेशी पाठवून राह्यली. हे खरी अरबी हाय का माहंच काई? कोणाले पुसणार?

अन् मंग या हिवाळ्यात सोनाली आली. आमच्या गल्लीतली पोरगी, दवाखान्यात नर्स हाय, तिचा भाऊ माह्याकडंच पानं उतरवून गेलता. धापा टाकत आली. मावशी, रजिस्टर घ्या अन् चाला. म्हणलं काऊन वं? तर म्हणे, येमेनचा एक पोरगा इथं शिकाले हाय, त्याची माय त्याले भेटाले आली अन् न्हाणीत घसरली, हात मोडला. पोराचा आज पेपर, तीन घंटे तो येऊ शकत नाई. बुढी कोणाले हात लावू देत नाई, डॉक्टरले पुसायचं हाय आणखी कोठं दुखते, जेवली का, अन् तिले एक शब्द समजत नाई. म्हणलं, दिराचं म्हणणं आज खरं होते का खोटं, पाहून घेऊ. पदराले हात पुसले अन् तिच्या स्कूटीवर बसली.

बुढी पलंगावर बसलेली, काया बुरख्यात, तोंडच तेवढं दिसे, हात छातीशी धरलेला. माह्या आईच्या वयाची. मी रजिस्टर उघडलं. काय म्हणू? गेटचं पान काढलं. उठ. उतर. बस गाडीत. आण. टेकचं पान काढलं. घे. मले घेऊन चाल. रनचं, कीपचं, पुटचं, वॉशचं. एक एक पान पलटत गेली अन् ताई, तवा मले दिसलं. सगळं रजिस्टर हुकमाचं! दोनशे पानं, अन् त्यात दुखते का, नाई. भूक लागली का, नाई. भेव वाटते का, नाई. बारा वर्षं त्या माणसाले जे म्हणलं ते सगळं माह्या हातानं लिवलेलं, अन् मले एकदाही समजलं नाई का त्याले कोणी काई पुसतच नव्हतं. मी इकून शब्द मोजत होती, किती आले, किती झाले. अन् ते तिकून मले आपली सगळी हकीकत सांगत होते, बायको हुशार म्हून मिरवत होती, तिले वाचता नाई आली.

सोनाली म्हणे, मावशी, बोला नं काईतरी. माह्याजवळ होती एकच ओळ. गेटच्या पानावर, खाली, शाई पसरलेली. मी बुढीजवळ बसली अन् म्हणलं, मा तशूफ शर.

बुढीनं माह्याकडं पाह्यलं. असं पाह्यलं, जशी मी तिच्या गल्लीतलीच कोणी. अन् म्हणाली, अश्शर मा यजीकी. अन् चांगल्या हातानं माहा हात धरला. मले त्या शब्दाचा अर्थ नाई समजला, पण तिले माहा समजला होता! बाप्पा, बारा वर्षाचं ओझं उतरलं. मंग काय, मी घास दाखवला अन् म्हणलं, कुल? म्हणजे खा. तिनं मान हलवली, ला, ला. जेवली नव्हती. मंग तिनं आपूनच माहा हात नेऊन कंबरेवर ठेवला, वजअ, वजअ, म्हणजे इथं दुखते. डॉक्टरनं तिथलाही फोटो काढला. सगळं झालं, प्लास्टर झालं, ते पडून राह्यली अन् मी पदरानं तोंड पुसत होती, तर ते माह्याकडं पाहून म्हणते, तआबाना? मले नाई समजलं. तिनं डोये मिटले, मान खांद्यावर टाकली, अन् पुन्हा माह्याकडं बोट केलं. थकली का तू?

हात मोडलेला तिचा, अन् पुसून मले राह्यली.

पोरगा पेपर देऊन पळतच आला. त्यानं सांगतलं, मावशी, तुम्ही आईशी पुरुषाशी बोलावं तसं बोलल्या, अन् हासला, पण म्हणे अरबी खरी हाय. अन् तिचं उत्तर म्हणजे, वाईट तुह्याकडं न येवो. ते ओळ म्हणणाऱ्याले हेच परत म्हणायचं राहते.

घरी आली तर हे व्हॅन धूत होते. मी गेटातूनच म्हणलं, तआबान? माणसाले तआबान म्हणते, ते मी त्या पोराले पुसून घेतलतं. ह्याइच्या हातातला पाइप तसाच राह्यला, पाणी चपलीवर. म्हणाले, हा शब्द कुठी भेटला वं तुले? म्हणलं, तुम्हाले नव्हता का येत? येत होता म्हणे, मॅडम आपल्या सासूले म्हणे, लेकराइले म्हणे. मले कोणी म्हणला नाई, म्हून तुले लिहाले नाई सांगतला. ताई, मी तिथंच ओट्यावर बसली. हे घाबरले, म्हणे काय झालं. म्हणलं काई नाई, उत्तर द्या, तआबान? तर नळ बंद केला, अन् म्हणाले, श्वय्या. म्हणजे थोडासा. अन् मंग म्हणाले, तेव्हा लय होतो.

त्या दिवशी आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नापासून बोललो नव्हतो.

आता मी नवीन रजिस्टर केलं. पयलंच पान पुसायच्या शब्दाचं. बुढी परत जायच्या आधी मी तिच्याकडं जाऊन जाऊन ते भरून आणलं, दुखते का, जेवला का, घरची याद येते का. पोट्टे म्हणते, मावशी, आमाले हे कोण पुसणार तिथं? म्हणलं, कोणी नाई पुसणार. म्हून तुम्ही एकमेकाले पुसजा, एका खोलीत दहा जण राहता नं. बापाहो, अन् फोनवर बायकोनं पुसलं का बरा हाय म्हणून ठेवू नका. देव तुमचं भलं करो.

दीर? दीर आता पाव्हण्याइले सांगते, आमच्या वयनीले अरबी येते. अन् ह्याइची व्हॅन पाच वाजता येते. हॉर्न वाजला का मी दारात जाते अन् म्हणते, तआबान? ते चाबी मले देते अन् म्हणते, ला, मब्सूत. म्हणजे नाई, खुशीत हाय. मंग मी चहा ठेवते.